‘जरा’ हे माप न्हाई

माझ्या घरमालकांनी मला खोली द्यायच्या आधी माझं वजन केलं. सामानाचंही केलं, पण ते नंतर.

सेनगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात कंत्राटी नर्स म्हणून माझी नेमणूक झाली होती आणि मी सेनगावात खोली शोधत होते. कुणीतरी सांगितलं, एक निवृत्त साहेब आहेत, वरची खोली रिकामी आहे, माणूस सरळ आहे. ‘माणूस सरळ आहे’ हे आपल्याकडे ज्या सुरात सांगतात त्याच सुरात सांगितलं, म्हणजे सांभाळून राहा. मी जाऊन “जयभीम काका” म्हणाले. त्यांनी जयभीम केला आणि ओसरीतल्या वजनकाट्याकडे बोट दाखवलं.

“उभ्या ऱ्हावा.”

“कशाला?”

“वरचा स्लॅब माझ्या मेव्हण्यानं टाकलेला हाय. त्याच्यावर किती भार देऊन राहिलो ते मला म्हाईत पाहिजे. चप्पल काढा, सिस्टर.”

मी चप्पल काढली. त्यांनी आकडा वहीत लिहिला, मग विचारलं, “जेवून आल्या का?” मी हो म्हटलं. त्यांनी आकड्यापुढे ‘जेवणानंतर’ अशी टीप लिहिली. माझ्या सासरच्यांनी चार वर्षांत माझी इतकी बारीक चौकशी कधी केली नव्हती, त्यामुळे मला बरंच वाटलं. खोली घेतली.

काका चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारातल्या दुकानदारांची वजनं तपासायची, बरोबर असली तर शिक्का मारायचा, नसली तर जप्त करायची, हे त्यांचं काम. लोखंडी वजनाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं, वजन झिजलं की तिथं शिसं वाढवून ते पुन्हा बरोबर करतात आणि त्या शिशावर शिक्का ठोकतात, ही माहिती मला राहायला आल्याच्या पहिल्या संध्याकाळीच मिळाली. मी विचारली नव्हती. माझे वडील आखाडा बाळापूरला असतात. घरमालक कोण ते फोनवर सांगितलं तर ते हसायलाच लागले.

“त्यो? त्यानं आमच्या बाजारात सोताच्या साडूचं वजन जप्त केलं व्हतं. साडू म्हणला, घरी चला, जेवून जा. ह्यो पोटभर जेवला, पावती त्याच्या हातात देली आन निघून गेला.”

निवृत्तीच्या दिवशी काकांनी सरकारी शिक्के जमा केले, घरी आले आणि तापानं फणफणले. चौथ्या दिवशी उठून लोहाराकडे गेले आणि स्वतःचा शिक्का बनवून आणला, एक इवलंसं पिंपळपान. कायद्याच्या दृष्टीनं त्याला काडीची किंमत नव्हती. पण तपासल्याशिवाय ते पान त्यांनी कशावरही ठोकलं नाही. घरातल्या प्रत्येक वजनावर ते होतं, दुधाच्या मापावर होतं, साखरेच्या चमच्याच्या दांड्यावरसुद्धा होतं. काकू म्हणत, “माझ्यावर न्हाई मारलं हे नशीब. यायनी लग्न ठरवाया आले तवा काही म्हणजे काही मागितलं न्हाई. माझी उंची इचारली. सेंटीमीटरमधी.”

त्या घरात काही शब्दांना बंदी होती. थोडंसं, चिमूटभर, अंदाजे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जरा. “काकू, जरा साखर देता?” असं मी म्हणायचा अवकाश, आतून आवाज यायचा, “जरा म्हंजे किती?” मग मी काही बोलायच्या आत, “जरा हे माप न्हाई, सिस्टर.” माप नसलेल्या शब्दांनीच माणसं एकमेकांना फसवतात असं त्यांचं ठाम मत होतं. गॅसवाला आमच्या गल्लीत शिरला की भरलेलं सिलिंडर आधी आमच्या काट्यावर ठेवायचा आणि स्वतः बाजूला खाली मान घालून उभा राहायचा. दर रविवारी काका आंघोळीआधी आणि आंघोळीनंतर स्वतःचं वजन करत, मळ किती निघाला ते कळावं म्हणून. एका रविवारी आंघोळीनंतर वजन वाढलं. ओल्या केसांचं पाणी असेल, असं काकूंनी सुचवलं. काकांना टक्कल होतं.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. अंत्ययात्रेत खांदा देणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, “अंदाजे साठ किलो तर असतीलच.” मी मागून चालत होते. तिरडीवरून काहीच आवाज आला नाही, तेव्हा मला ते गेल्याचं खरं वाटलं.

पण मी इथं त्यांच्या विक्षिप्तपणावर हसायला बसलेय, आणि एक गोष्ट अशी आहे की तिला मला हसता येत नाही. ती आधीच सांगून टाकते.

लसीकरणाच्या एका दिवशी काका रक्तदाब मोजून घ्यायला आमच्या उपकेंद्रात आले. रक्तदाब राहिला बाजूला. लेकरांचं वजन करायचा काटा दिसल्यावर त्यांनी पिशवीतून पितळेचं एक किलोचं वजन काढलं आणि त्यावर ठेवलं. हो, ते नेहमी पिशवीत असायचं, लोकांच्या पिशवीत छत्री असते तसं. काट्यानं एक किलो दोनशे दाखवलं. काकांनी वजन उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच.

“हे कवापासून, सिस्टर?”

मला माहीत नव्हतं. मी आठ महिने त्याच काट्यावर वजनं लिहीत होते.

ते रागावले असते तर परवडलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, “दोनशे ग्राम. आठ महिने तुमी लेकरायला दोनशे ग्रामचं खोटं दूध पाजून राहिल्या.”

पुढचे दोन दिवस मी काकांचा घरचा काटा घेऊन गावभर आणि बाजूच्या तांड्यावर दारोदार फिरले. सोबत काका, पितळी वजन घेऊन. मी ‘ठीक’ लिहिलेली दोन लेकरं ठीक नव्हती. त्यांना वेळेवर पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं, ती सुधारली, पण ते माझं कर्तृत्व नव्हतं. मला माझी लाज वाटली आणि ती अजून पुरती गेलेली नाही. ते पितळी वजन काकांनी मला देऊन टाकलं. तेव्हापासून ते माझ्या पर्समध्ये असतं आणि तेव्हापासून मी कुठल्याही काट्यावर, कुठल्याही आकड्यावर चटकन विश्वास ठेवत नाही. ही सवय चांगली आहे असं सगळे म्हणतात. सगळे हिंगोलीच्या त्या हॉलमध्ये नव्हते.

आता हॉलकडे जायचं तर आधी माझ्या पाठीकडे जावं लागेल. पेशंट उचलताना माझी मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टरांनी सांगितलं, भरलेल्या बादलीएवढं वजन आयुष्यात उचलू नका. सासरच्यांनी हे असं ऐकलं की माल खराब निघाला, परत पाठवा. पाठवला. नंतर हिंगोलीत एक फिजिओथेरपिस्ट बाई भेटल्या. त्यांनी पुन्हा तपासलं आणि बरोबर उलटं सांगितलं, उचला, पण शिकून उचला. त्यांनी मला एका मॅडमकडे पाठवलं. या मॅडम एका हॉलमध्ये बायकांना केटलबेल शिकवत. केटलबेल म्हणजे वर कडीसारखी मूठ असलेला लोखंडी गोळा. तो दोन पायांमधून झुलवत एका झटक्यात डोक्यावर न्यायचा, हात सरळ करायचा आणि पुन्हा खाली. काकू त्याला कडीचा गोळा म्हणत आणि हे तू आपणहून करतेस का, असं दर आठवड्याला विचारत.

मॅडमकडे मी बारा किलोच्या निळ्या गोळ्यावर शिकले. वर्षभरानं मॅडम म्हणाल्या, “मार्चमध्ये निवड चाचणी आहे. बायकांना सोळा किलो. दहा मिनिटं, गोळा खाली टेकवायचा नाही, हात एकदाच बदलायचा. पहिल्या दोघी राज्यस्तरावर. तू शंभर कर.”

सोळा किलो म्हणजे साधारण एक मोठी भरलेली बादली. डॉक्टरांनी माझी हद्द त्या बादलीपाशी आखली होती आणि सासरच्यांनी त्या हद्दीवर मला परत केलं होतं. मला ती बादली शंभर वेळा डोक्यावर न्यायची होती. राज्यस्तर वगैरे ठीक आहे, मला ते शंभर हवे होते.

दर रविवारी हिंगोलीला जाणं पुढे जमणार नव्हतं. स्वतःचा गोळा घे, घरी सराव कर, मोबाइलवर व्हिडिओ पाठव, मी चुका सांगेन, असं मॅडमनी ठरवलं. गोळा कसला घ्यायचा तेही सांगितलं: स्पर्धेत असतो तसाच, पोलादी, मूठ बिनरंगाची. इथवर सगळं ठीक होतं. मग मी चहा पिताना काकांसमोर म्हणाले की मी सोळा किलोचं एक वजन विकत घेणार आहे.

काकांनी कप खाली ठेवला. “तुमी वजन घ्यायचं आन म्या घरात बसायचं?”

आम्ही एसटीनं हिंगोलीला गेलो. काकांच्या पिशवीत जाडी मोजायचा कॅलिपर, लोहचुंबक, भिंग आणि दोन भाकरी होत्या. दुकान क्रिकेटच्या बॅटी आणि शाळांच्या ढाली विकणारं. दुकानदारानं उत्साहानं प्लास्टिकचं आवरण असलेला काळा गोळा पुढे केला. काकांनी बोटानं टकटक केलं, कान लावला.

“आत सिमिट हाय.”

“हो ना सर, मजबूत.”

काकांनी तो गोळा उचलून शेजारच्या किराणा दुकानात नेला, किराणावाल्याच्या काट्याचा शिक्का आधी तपासला, तो चालू वर्षाचा निघाल्यावर किराणावाल्याचं अभिनंदन केलं आणि मग गोळा ठेवला. सोळाचा गोळा चौदा किलो नऊशे भरला.

“सर, हे व्यायामाचं वजन आहे,” दुकानदार म्हणाला, “किराणा थोडाच आहे?”

“म्हंजे यायनी घाम बी तसाच गाळायचा का? अकराशे ग्राम कमी?”

दुसरा ओतीव लोखंडाचा होता. वजन ठीक, पण मुठीवर जाड रंग आणि आतल्या बाजूनं साच्याची धार. काकांनी तिच्यावरून माझं बोट फिरवलं. “शंभर वेळा हे हातात फिरल तर तुमचा तळहात सोलल.” हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आयुष्यभर वजनं हाताळलेल्या माणसाला मूठ कळत असावी. मला पहिल्यांदाच वाटलं की यांना आणलं ते बरं झालं.

मग दुकानदारानं आतून स्पर्धेचे दोन गोळे आणले. एक पिवळा, सोळा किलोचा. एक तांबडा, बत्तीसचा. मुठी बिनरंगाच्या, कॅलिपरनं दोन्हीकडे सारख्या. काका खूश होते. मग त्यांनी दोन्ही गोळे शेजारी ठेवले आणि त्यांचा चेहरा बदलला.

“सोळा आन बत्तीस, येकाच मापाचे?”

मी मॅडमनी सांगितलेलं सांगितलं. स्पर्धेचे सगळे गोळे बाहेरून सारखेच असतात, आठचा असो की बत्तीसचा. म्हणजे गोळा हातावर दर वेळी एकाच जागी टेकतो, वजन वाढलं तरी सवय मोडत नाही. फरक फक्त रंगाचा आणि आतला.

“आतला म्हंजे?”

“आतून पोकळ असतो. कमी वजनाचा जास्त पोकळ.”

काका दुकानातल्या स्टुलावर बसले. चौतीस वर्षं त्यांनी आतून पोकळ वजनं पकडली होती. दोन किलोचं वजन खालून कोरून त्यात लाख भरणारे, वरून रंग देणारे, सगळे त्यांना तोंडपाठ होते. आणि इथं एक नर्स त्यांना सांगत होती की पोकळ वजन ही अख्ख्या जगानं मान्य केलेली रीत आहे.

“दिसतंय येक, असतंय येक,” ते म्हणाले. “असलं वजन माझ्या घरात न्हाई यायचं.”

एसटीत ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही, कारण पिवळा गोळा माझ्या मांडीवर होता. मी तो घेतलाच होता.

तीन दिवस गोळा अंगणाबाहेर पेरूच्या झाडाखाली राहिला. चौथ्या दिवशी काकांनीच तो आत आणला. त्यांच्या अटी होत्या. गोळ्याच्या बुडाला एक बूच होतं, ते उघडून आत काय आहे ते ते बघणार, वजन बरोबर करणार आणि त्यावर पिंपळपान ठोकणार. आत छर्रे निघाले. गोळा ऐंशी ग्रॅम कमी भरला. काकांनी शिसं घातलं, बूच बसवलं, वर शिसं ओतलं, पान ठोकलं. “आता सोळा,” ते म्हणाले. “डोळ्यानं दिसत न्हाई, पण शिक्का हाय.”

शिक्का होता, पण मी नव्हते. बाराचा गोळा मी सहज फिरवत होते, सोळाचा आठ-नऊ वेळा जायचा आणि मग खांदा नाही म्हणायचा. महिनाभर हेच चाललं. एके दिवशी सकाळी गोळा अर्ध्यातून निसटला आणि अंगणातल्या दोन फरश्या फोडून थांबला. मी तिथंच बसून मोठ्यानं रडले. डॉक्टर बरोबर होते, सासरचे बरोबर होते, हा गोळा भंगारात द्या, असं बरंच काही बोलले. काकू पाणी घेऊन आल्या. काकांनी आधी फुटलेल्या फरश्या पाहिल्या, मग गोळा उचलून बूच पाहिलं.

“पडल्यानं शिक्का हलला,” ते म्हणाले. “फेरतपासणी करावी लागते. हितून पुढं दर पंधरा दिवसाला करू.”

मी रडत होते आणि हा माणूस शिक्क्याचं बोलत होता. त्या क्षणी मला त्यांचा मनापासून राग आला.

तेव्हापासून एका शनिवाराआड गोळा आतल्या खोलीत जायचा. दार बंद. बाहेर काकू तांदूळ निवडत पहाऱ्याला. अर्ध्या तासानं गोळा बाहेर यायचा, नवं पान ठोकलेलं. सरकारी नोकरी सुटली तरी कार्यालय सुटत नाही, असं मी मॅडमना सांगायचे आणि आम्ही फोनवर हसायचो.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यापासून मला जमायला लागलं. काकूंनी रोज दोन उकडलेली अंडी सुरू केली होती. मी सगळं श्रेय अंड्यांना दिलं. उपकेंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईला मी अंड्यांचं महत्त्व सांगितलं, स्वतःचं उदाहरण देऊन. ऑक्टोबरात वडिलांना फोन केला, “बाबा, मी सोळा किलो वीस वेळा उचलला.” त्यांनी बाळापुरात चार ठिकाणी सांगितलं. जानेवारीत साठ झाले. फेब्रुवारीत नव्वद. गोळा कधी सोपा वाटला नाही, पण कधी अशक्यही वाटला नाही. याला प्रगती म्हणतात असं मी समजत होते.

मार्चमधली चाचणी. हिंगोलीतल्या एका शाळेचा हॉल, वर पत्रे, दुपारचं ऊन. आम्ही चार जणी, मॅडम, दोन पंच आणि बायकांना घेऊन आलेले आठ-दहा नातेवाईक. हात सैल करायला म्हणून मी तिथला पिवळा गोळा उचलला आणि तो भसकन वर गेला.

मी पुन्हा उचलला. पुन्हा तेच. हलका होता.

दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. मी दोन वर्षं त्या घरात काढली होती. मला लेकरांचा काटा आठवला. मी पूर्ण हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, “मॅडम, हा गोळा सोळाचा नाहीये. कमी आहे.”

मॅडमचा चेहरा उतरला. “अगं, स्पर्धेचा गोळा आहे.”

“आतून पोकळ असतो. काय सांगावं. वजन करा.”

शाळेतून काटा आला. मी पर्समधून पितळेचं वजन काढून आधी काटा तपासला, तेव्हा पंच एकमेकांकडे बघायला लागले. काटा बरोबर होता. मग त्यावर गोळा ठेवला. सोळा किलो. वर नाही, खाली नाही. कुणाचा तरी नवरा हसला. मॅडम म्हणाल्या, “समाधान झालं? मग आता पहिली तूच.”

दहा मिनिटं फार मोठी असतात. पहिली चार माझ्या शरमेत गेली. नंतर मी मोजायला लागले. पंच आकडा ओरडायचा आणि गोळा वर जायचा, माझ्या घरच्या गोळ्यापेक्षा हलका आणि तरी पूर्ण सोळा किलोचा. शंभर झाले तेव्हा मी मोठ्यानं काहीतरी ओरडले असं म्हणतात. एकशे सहाला वेळ संपली. चौघींत दुसरी आले. राज्यस्तरावर काय झालं ते विचारू नका, तिथं चौदा जणी होत्या.

परतीच्या एसटीत पहिल्यांदा मला काकांची कीव आली. वय झालं, घरचा काटा बिघडला, त्यांना कळलंही नाही. औंढ्याच्या फाट्यापर्यंत मी हे धरून होते. मग बंद दार आठवलं. तांदूळ निवडणाऱ्या काकू आठवल्या. त्या घरात तांदूळ महिन्यातून एकदाच येत, आणि निवडलेलेच येत. अंडी आठवली. सेनगाव येईपर्यंत मी भांडणाचं पहिलं वाक्य तीनदा घोकलं होतं.

काका ओसरीवर काट्याजवळ बसले होते. काकू धावत आल्या. “किती झाले?”

“एकशे सहा.”

काकूंनी माझ्या गालांवरून बोटं उतरवून कडाकडा मोडली. मी पर्स खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

“काका, तिथला गोळा जरा हलका होता.”

मी वाट पाहत होते. दोन वर्षांत तो शब्द त्या घरात एकदाही तसाच सुटला नव्हता. काका काट्याकडे बघत राहिले. त्यांनी ‘जरा म्हंजे किती’ असं विचारलं नाही.

“तीनशे चाळीस ग्राम,” ते म्हणाले.

“आणि फरशी फुटली त्या आठवड्यात?”

“तेरा किलो सहाशे. मंग दर पंधरवड्याला थोडं... दीडशे, पावणेदोनशे ग्राम वाढवत गेलो.”

“म्हणजे मी बाबांना सोळा सांगितलं तेव्हा...”

“चवदा किलो तीनशे.”

“मी ह्यायला म्हणलं व्हतं, पोरीला सांगा म्हणून,” काकू म्हणाल्या.

“सांगितलं आस्तं तर तिनं उचलला आस्ता का?” काका पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले. “तू भंगारात देऊन राहिली व्हतीस, पोरी.”

मी म्हणाले, बरं, सोळापर्यंत आणलं ते समजलं. वरचे तीनशे चाळीस कशाला?

“तिथं परका हॉल. चार लोकं बघणार. भेव वाटंल म्हणलं. भेवाचं वजन धरलं.”

“भीतीचं वजन तीनशे चाळीस ग्रॅम? कुठल्या काट्यावर केलं हे, काका?”

ते खाली बघत म्हणाले, “अंदाजानं.”

एसटीतून जपून आणलेलं भांडण तिथंच संपलं. मला राग होता, तो खरा होता, बाबांना मी ऑक्टोबरापासून खोटं सांगितलं होतं आणि ते या माणसामुळे. पण चौतीस वर्षांत साडूला न सोडलेल्या माणसानं माझ्यासाठी स्वतःच्या शिक्क्याखाली खोटं वजन चालवलं होतं. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

काकांना रडण्याशी कर्तव्य नव्हतं. ते आत गेले आणि छिन्नी, हातोडा, पिवळा गोळा आणि एक फुलस्केप कागद घेऊन आले. कागदावर वर ‘पंचनामा’ असं लिहून तयार होतं. कधीपासून तयार होता कोण जाणे.

“माझ्या शिक्क्यानं खोटं वजन चाललं,” ते म्हणाले. “शिक्का रद्द होणार. पंच तुमी दोघी. लिवा, सिस्टर.”

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. सदर वजन सोळा किलो म्हणून वापरात होते. सदर वजनावर तपासणाऱ्याचा शिक्का होता. तपासणाऱ्यास तफावतीची पूर्ण कल्पना होती. त्यांचा आवाज कुठेही अडखळला नाही, जणू समोर दुसराच कुणी गुन्हेगार उभा होता. मग त्यांनी तफावतीचा आकडा सांगितला. मी तो रकाना भरला, सही केली. काकूंनी सही केली. पिंपळपानावर छिन्नी टेकवून काकांनी आधी कागद वाचायला घेतला, कारण सहीआधी वाचायचं हा नियम.

तफावतीच्या रकान्यापाशी त्यांचं बोट थांबलं. तिथं मी लिहिलं होतं: जरा.

मला वाटलं, आता खोडतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“जरा हे माप न्हाई, सिस्टर,” ते म्हणाले. मग त्यांनी छिन्नी बाजूला ठेवली आणि त्या शब्दाखाली सही केली.